सातव्या मजल्यावरचा गारवा

५ जुलै

आणि मासळीच्या बोटीवरचं काम मी सोडलं नव्हतं. बोटच विकली गेली. हे मी अबुसताईला चार वेळा सांगितलंय, पण तिच्या यादीत ते ‘सोडलं’ यातच जातं. टायरचं दुकान सोडलं, मान्य. रंगकाम सोडलं, तेही मान्य, पण तिथला मुकादम माझी शिडी हलवून हसायचा, हे ती धरत नाही. काल फोनवर पुन्हा तेच. “तुझ्या तळपायाला मुंग्या चावतात का रे बियुंग? एका जागी तीन महिने टिकून दाखव, मग माझ्याशी वर तोंड करून बोल.” आणि फोन ठेवला. पुढचं माझं सगळं बोलणं भिंतीने ऐकलं. म्हणून इथे लिहितोय.

ही वही रुग्णालयाची. पुढच्या बाजूने मीटरचे आकडे लिहायचे, मागची पानं कोरी आहेत, ती माझी. झान मिस्त्री, म्हणजे आमच्या वीज-पाणी विभागातले सगळ्यांत जुने, त्यांनी बघितलं तरी काही म्हणणार नाहीत. त्यांना माझं अक्षर लागतच नाही.

काम काय, तर वीज वाचवायची. कार्यालयातल्या वेई साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “सगळ्या इमारतीत सातवा मजला सगळ्यांत उधळ्या. या सप्टेंबरचा त्यांचा आकडा गेल्या सप्टेंबरपेक्षा पाच टक्के खाली आला, तर एक ऑक्टोबरपासून तू कायम. नाही आला, तर तीस तारखेला ओळखपत्र कार्यालयाच्या खिडकीवर ठेवून जायचं.”

बटणं बंद करायचा पगार. यात अवघड काय आहे?

८ जुलै

अवघड काय ते कळलं. माणसं.

सातवा मजला म्हाताऱ्यांचा वॉर्ड. रुग्णांच्या खोल्यांना हात लावायचा नाही, ते ठीक. पण कपड्यांची खोली, औषधांची खोली, डॉक्टरांची बसायची जागा, सगळीकडे दिवे लावलेले आणि आत कोणी नाही. प्रत्येक बटणाजवळ साहेबांनी पेंग्विनचं चित्र चिकटवलंय, ‘मला बंद केलंत का?’ एका पेंग्विनला कोणीतरी मिशा काढल्यात.

सगळ्यांत वाईट म्हणजे सिस्टरांची खोली. खिडकीत बसवलेला जुना एसी चोवीस तास घुरघुरत असतो, खोली निम्म्याहून जास्त वेळ रिकामी. एसीच्या डोक्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी ठेवलेली. यंत्र शहाण्यासारखं वागावं म्हणून. त्यात नवीन काही नाही, आमच्या गावच्या पाण्याच्या पंपावरही असते. हिरवीच हवी, मुदत संपायच्या आत बदलायची, आणि खायची नाही.

११ जुलै

सकाळी दहाला खोली रिकामी होती. एसी बंद केला.

दुपारी साडेतीनला दुपारपाळी आली, बटण दाबलं, एसी नुसता हुं म्हणून गप्प. फांग सिस्टर दारात उभ्या. अठरा वर्षं दुपारपाळीच करतात. वाटेत ऊन, अंगावर घाम, हातात छत्री.

“कोणी हात लावला याला?”

“मी. खोली रिकामी होती.”

“सहा वर्षांत बंद केला नव्हता आम्ही हा. भूकंपात कपाट पडलं, हा चालत राहिला! आणि तू आलास आणि आठवड्यात त्याचा जीव घेतलास.”

“पण बिल केवढं येतं—”

“बिल तुझे वडील भरतात?”

मागून आग्योक मावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या, “जाऊ दे गं. डोंगरातला आहे तो. तिकडे रात्री काजवे धरून बाटलीत ठेवतात, त्यांना काय बिल!”

सगळ्या हसल्या. मावशींनी एसीवरची पुडी काढून माझ्या हातात दिली. “घे. हिचं काम संपलं.”

मी जिन्यात बसून रागारागात ती सगळी पुडी खाल्ली.

१२ जुलै

आज अख्ख्या इमारतीचे संगणक दोन तास बंद पडले. बाकीच्या मजल्यांवर लोक कारण शोधत होते. सातव्या मजल्यावर ते माहीत होतं.

“खाल्लीस?” मावशींनी विचारलं.

“भूक लागली होती.”

त्यांनी कपाळाला हात लावला.

झान मिस्त्रींनी एसी उघडला. कंडेन्सर गेला होता. “म्हातारं माणूस चालत असतं तोवर चालतं,” ते म्हणाले, “खाली बसलं की उठताना गुडघे धरतात. म्हणून त्या बायका बंद करत नव्हत्या. वेड्या नाहीत त्या.” नवा कंडेन्सर त्यांनी मला बसवायला लावला. दोनदा झटका बसला, पण बसवला. जाळी धुतली तर तिच्यातून एक मांजर होईल एवढा केरकचरा निघाला. हिरवी पुडी मी माझ्या पैशाने आणली. फांग सिस्टरांनी उलटी करून तारीख वाचली, मग ठेवू दिली. थँक यू नाही, काही नाही.

२२ जुलै

साहेबांनी लिफ्टजवळ फळा लावलाय. दिवा चालू ठेवून जाणाऱ्याचं नाव मी तिथे लाल खडूने लिहायचं. माझं अक्षर आता सगळ्यांना लागतं. फांग सिस्टरांचं नाव नऊ वेळा लिहिलं.

दिवे बंद व्हायला लागले. मला वाटलं, जिंकलो. आज वही विसरलो म्हणून जिन्यातून परत वर आलो, तर दाराआडून आवाज:

“गेला का बटण?”

“गेला.”

टक्, टक्, टक्. सगळे दिवे.

आता मला बटण म्हणतात.

३ ऑगस्ट

आजचं नीट लिहायला हवं.

दुपारी तीनला सिस्टरांच्या खोलीत स्टुलावर चढून एसीची जाळी पुसत होतो. दिवसपाळीची छोटी सिस्टर आली, नाव युनत्झे, गेल्या वर्षीच लागलेली. मी आहे हे तिने बघितलंच नाही. एसी दोन अंशांनी खाली आणला. किटलीत पाणी भरलं. दाराजवळच्या सपाता तोंडं आत करून ओळीने लावल्या. पेरूच्या फोडी ताटलीत काढून वर झाकण ठेवलं. मग निघाली.

“तुमची पाळी संपत आली ना?” मी वरून म्हणालो. ती केवढ्याने दचकली! “मग हे कोणासाठी?”

“फांगताईंसाठी. आणखी कोणासाठी? बसथांब्यापासून उन्हातून चालत येतात त्या. तीस म्हातारे त्यांच्या हवाली करायचे आणि खोली भट्टीसारखी? कसं दिसेल ते?”

“रोज करता?”

“सगळ्याच करतात. रात्री फांगताई रात्रपाळीसाठी ठेवतात, सकाळी त्या आमच्यासाठी. मी नवीन होते तेव्हा रडत आत आले होते एकदा, तर खोली गार होती आणि किटली गरम.” मग एकदम ओशाळली आणि म्हणाली, “हे पण फळ्यावर लिहिणार का?”

“पण मग मधले सहा-सात तास कशाला चालू?”

“बंद केला आणि ऐन वेळी लावायला विसरलो तर? सलाईन, कागद, नातेवाईक... तीन वाजता इथे कोणाला श्वास घ्यायला वेळ असतो? त्यापेक्षा चालू राहिलेला बरा.”

मी स्टुलावर तसाच बसून राहिलो. चार आठवडे यांना आळशी समजत होतो. लाल खडूने लिहीत होतो.

४ ऑगस्ट

झान मिस्त्रींना म्हणालो, एसी मी लावत जाईन. सकाळी सात दहाला आणि दुपारी तीन दहाला. रात्री अकरा दहाला तळमजल्यावरचा पहारेकरी लावेल, तो एका गोड चहावर तयार आहे. खोली रिकामी झाली की सिस्टरांनी बेलाशक बंद करावा.

मिस्त्री पोट धरून हसले. “तुला बंद करायला ठेवला होता. तू लावत फिरणार?”

“घड्याळाचं बटण बसवून मिळेल का?”

“एवढ्या जुन्याला नको. आणि घड्याळाला कुठे कळतं, आज वॉर्ड सोपवायला अर्धा तास जास्त लागला म्हणून? तूच जा.”

फांग सिस्टरांना सांगितलं. त्या औषधं मोजत होत्या, मान वर केली नाही. “एक दिवस जरी खोली गरम लागली ना, बटण...”

“नाही लागणार.”

“मोजत्ये मी, बोलू नकोस.”

म्हणजे हो की नाही, कळलं नाही. पण संध्याकाळी पाचला बघितलं तर एसी बंद होता. माझा हात लागला नव्हता.

फळा मी पुसून टाकला. साहेब म्हणाले, “नावं नाहीत? म्हणजे कामच नाही?” मी म्हणालो, चुकणारं कोणी सापडत नाही. खोटं बोललो. आकडा खरा ठरवेल.

१७ ऑगस्ट

सात दहा. तीन दहा. सात दहा. तीन दहा. घाण्याच्या बैलाला तरी रविवार असेल. माझ्या सुट्टीच्या दिवशीसुद्धा मीच जातो, कारण मिस्त्री विसरतात. समुद्र इथून बसने तीन तास, पण तीनच्या आत परतायचं म्हणजे पाय भिजवून लगेच मागे फिरायचं. मग गेलोच नाही.

टायरच्या दुकानातला रुइपिन, तो आता उत्तरेला कारखान्यात आहे, त्याचा फोन आला. पाच हजार जास्त देतात, खोली फुकट. “कधी येतोस?” पूर्वीचा असतो तर त्याच रात्री गाडीत बसलो असतो. म्हणालो, सप्टेंबर संपू दे. का म्हणालो कोण जाणे. पैसे जास्त आहेत, बटणंही नाहीत.

तीन दहाला गेलो की टेबलावर रोज कोणाचा तरी डबा राहिलेला असतो. भात, अंडं, डुकराचं मटण. झाकणावर चॉपस्टिक. एवढ्या हुशार बायका आणि डबा विसरतात. वाया जाऊ नये म्हणून मी खातो. डबा धुऊन ठेवतो.

२९ ऑगस्ट

जुन्या पंचांगातल्या सातव्या महिन्याची पूजा झाली. मागच्या फाटकाशी लांब टेबलं, भटक्या आत्म्यांसाठी फळं, बिस्किटं, बाटल्या, आणि कर्मचाऱ्यांनी मांडलेल्या हिरव्या पुड्या, शंभर तरी असतील. मी चर्चमध्ये जाणारा, म्हणून बाजूला उभा राहून टेबलं उचलायला मदत केली. नंतर सगळं वाटून घेतात. फांग सिस्टर एक पुडी घेऊन माझ्याकडे आल्या.

“ही खा,” त्या म्हणाल्या. “ही खायची आहे. जी खायची नसते ती यंत्रावर असते. कळलं?”

“कळलं, ताई.”

ताई तोंडातून गेलं. त्यांनी ऐकलं नसावं, त्या तशाच पुढे गेल्या.

४ सप्टेंबर

ऑगस्टचा आकडा आला. तीन टक्के खाली. फक्त तीन.

मला वाटलं होतं सहज पाच होतील. मिस्त्री म्हणाले, एका एसीत एवढंच असतं, पिळून आणखी काय निघणार. हा महिना असाच गेला तर संपलं. फळ्यावर परत नावं लिहिली तर कदाचित अर्धा टक्का निघेल. पण लिहिणार नाही. काय वाट्टेल ते होवो.

लिफ्टमध्ये मावशी होत्या. “तोंड असं का?” मी सांगून टाकलं, तीस तारखेला पाच झाले नाहीत तर माझं ओळखपत्र खिडकीवर. त्यांनी बादली या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाल्या, “जेवलास का?”

यांना दुसरं काही सुचतच नाही.

९ सप्टेंबर

आज दुपारपाळीच्या चारही सिस्टर एकाच टेबलाशी, एकाच दिव्याखाली, कोपराला कोपर लावून कागद लिहीत होत्या. बाकीची तीन टेबलं अंधारात. बायकांना गप्पांशिवाय काम सुचत नाही हेच खरं. पण कोणी बोलत मात्र नव्हतं.

१२ सप्टेंबर

वॉर्डातले डॉक्टर आजकाल जिन्याने चढतात. दम लागून दात बाहेर. सातव्या मजल्यापर्यंत! दोन्ही तरुण डॉक्टर. लिफ्ट बिघडली का विचारलं, तर एक म्हणाला, “नाही, गुडघ्यांना बरं असतं.” दुसरा म्हणाला, “आम्हाला सांगितलंय.” पहिल्याने त्याला कोपर मारलं.

लिफ्टचं मीटर तळमजल्यावर आहे, आमच्या आकड्यात ती येतच नाही. पण मी बोललो नाही. गुडघ्यांना बरं असेल तर चढू देत.

१६ सप्टेंबर

बारा नंबरच्या खाटेवरचे आजोबा घामाने भिजलेले होते आणि डोक्यावरचा पंखा बंद. मी धावत जाऊन लावला.

“राहू दे, राहू दे,” ते म्हणाले. “पोरा, एका पंख्याने किती टक्के होतात?”

“कसले टक्के, आजोबा?”

“मला काय माहीत. मावशी सगळ्यांना सांगत होत्या.”

माझं डोकं फिरलं. मावशींना गाठलं आणि पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडलो. रुग्णाचा पंखा बंद करायचा नाही! तसले टक्के मला नकोत. त्यापेक्षा मी आजच जातो.

मावशींनी फरशी पुसायचा दांडा भिंतीला टेकवला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. “मी बंद केला नाही रे. म्हाताऱ्याने स्वतःच केला. पण बरं झालं ओरडलास.” मग फांग सिस्टरांच्या टेबलाकडे तोंड करून म्हणाल्या, “ऐकलंस ना गं? आवाज आहे याला!”

फांग सिस्टर म्हणाल्या, “ऐकलं. खाली तळमजल्यापर्यंत गेला.” रागावल्या नव्हत्या. आजोबांच्या खोलीत जाऊन त्यांनी पंख्याच्या बटणावर पट्टी चिकटवली, ‘हात लावू नये’.

आजोबांना टक्के कशाला हवे होते, ते मात्र कळलं नाही. म्हातारपणी माणसाला कशाचंही वेड लागतं.

२३ सप्टेंबर

आज चुकलो. भांडाराचं सामान आणायला मला शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं, येताना पाऊस, बस अडकली. रुग्णालयात शिरलो तेव्हा तीन पस्तीस. सात मजले जिन्याने पळालो. वाटत होतं, संपलं, अठरा वर्षांची दुपारपाळी आता गरम खोलीत उभी असेल.

खोली गार होती. एसी चालू. किटली गरम. फांग सिस्टर ओले केस पुसत बसल्या होत्या. त्या तर साडेतीनच्या आत कधी येत नाहीत.

“सकाळी बंद करायचाच राहिला वाटतं,” मी म्हणालो.

“राहिला असेल,” त्या म्हणाल्या. “टॉवेल घे. फरशीवर पाणी गळतंय, मावशी मला बोलतील.”

म्हणजे दिवसभर चालू राहिला. आज सगळा आकडा वाया गेला असणार. तरी संध्याकाळी मीटर वाचलं तर वापर कालच्यापेक्षा कमी. मीटर जुनं झालंय.

३० सप्टेंबर

दुपारी बाराला शेवटचं वाचन. मीटरच्या खोलीत साहेब, मिस्त्री आणि मी. ओळखपत्र मी गळ्यातून आधीच काढून खिशात ठेवलं होतं, म्हणजे कोणाला मागावं लागू नये. मिस्त्रींनी आकडे मोठ्याने वाचले, साहेबांनी गेल्या वर्षीचे वजा केले. दोनदा केले.

पाच पूर्णांक दोन.

साहेब म्हणाले, “कसं केलंस? बाकीच्या मजल्यांना पाठवायचंय. कारण सांग.”

“ज्याला ज्या वेळी गारवा हवा, त्या वेळी त्याला तो मिळाला. मग बाकीच्या वेळी त्यांनी स्वतः बंद केला.”

साहेबांनी लिहिलं, ‘कर्मचाऱ्यांमध्ये जनजागृती.’

ते गेल्यावर मिस्त्री तिथेच थांबले. “एसीचे तीन टक्के होतात. मी हिशोब केलाय. वरचे दोन कुठून आले?”

“मीटर जुनं असेल.”

त्यांनी मीटरच्या काचेवरची धूळ बोटाने पुसली. “असेल,” म्हणाले. “ते ओळखपत्र खिशात काय करतंय? गळ्यात घाल.”

तीन दहाला वर गेलो. कोणाला सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांना माहीत होतं. फळ्यावर लाल खडूने माझं नाव. खाली मिशावाला पेंग्विन. युनत्झे सिस्टर रडत होती, या मुलीला रडायला काही लागत नाही. मावशी म्हणाल्या, “आता लग्न कर.” दोन्ही डॉक्टर म्हणाले, “आता लिफ्ट चालेल ना?” सगळे का हसले, ते मी विचारलं नाही.

आज लवकर आलेल्या फांग सिस्टरांनी फक्त एवढंच म्हटलं, “उद्यापासून सव्वातीनला आलास तरी चालेल. ऊन उतरलंय.”

तरी मी तीन दहालाच जाणार.

१ ऑक्टोबर

कायमच्या कागदावर सही केली. अक्षर बरं आलं.

अबुसताईला फोन केला. तिने मोठ्याने महिने मोजले, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. मग म्हणाली, “काम काय करतोस तिथे नक्की?”

“बायका यायच्या आधी खोली गार करून ठेवतो.”

“हे कसलं काम?”

“हेच काम.”

“खोटं बोलतोस.” पण तिचा आवाज हसरा होता. रुइपिनलाही कळवलं, येत नाही म्हणून. तो म्हणाला, पाच हजार जास्त आहेत रे. म्हटलं, माहीत आहे.

५ ऑक्टोबर

आज पोस्टात गेलो. आजवर ताईला जेव्हा जे हातात असेल ते पाठवलं, कधी पाच हजार, कधी दीड हजार, कधी दोन महिने काहीच नाही. आज खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “एकदाच की दर महिन्याला?” दर महिन्याला, असंही करता येतं हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे मी जायची गरज नाही, पाच तारखेला आपोआप माझ्या खात्यातून तिच्या खात्यात.

“दर महिन्याला,” मी म्हणालो.

“शेवटचा महिना कुठला लिहू?”

मी विचार केला. मागे रांग होती, घड्याळात अडीच वाजले होते, आणि तीन दहाच्या आत पोचायचं होतं. म्हटलं, ती जागा मोकळी ठेवा.

बाईंनी मोकळी ठेवली, शिक्का मारला आणि पावती सरकवली. नाव अबुस, दर महिन्याच्या पाच तारखेला, आठ हजार युआन.